भयकथाकार हॉवर्ड लव्हक्राफ्ट

शाळेच्या वार्षिकांत ज्या पुरुषांचीं चरित्रें छापून येतात, तीं बहुधा अनुकरणीय असतात. अमुक गृहस्थानें बाळपणीं दारिद्र्य सोसलें, मिणमिणत्या दिव्यापाशीं अभ्यास केला, आणि पुढें तो लोकादरास पात्र झाला, असा त्या चरित्रांचा सांचा ठरलेला असतो. व शेवटीं विद्यार्थ्यांनीं त्याचा कित्ता गिरवावा, असा उपदेश असतो. प्रस्तुत चरित्र त्या सांच्यांतलें नाहीं. ज्याची हकीकत येथें सांगावयाची आहे, त्याचे कांहीं गुण खरोखर दुर्मिळ होते व कांहीं दोष मोठे लाजिरवाणे होते. त्याचा कित्ता सर्वस्वीं गिरवावा, असें कोणी म्हणणार नाहीं. आणि त्याचें नांवहि घेऊं नये, असें म्हणणेंहि आम्हांस पटत नाहीं. मग अशा मनुष्याचें करावें तरी काय? या प्रश्नाचें उत्तर घाईनें न देतां त्याची हकीकतच प्रथम सांगतों.

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट याचा जन्म ता. २० ऑगस्ट १८९० रोजीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड या सर्वांत लहान संस्थानांत, प्रॉव्हिडन्स शहरीं, आजोळच्या घरीं झाला. त्याचा बाप चांदीचीं भांडीं करणाऱ्या एका कंपनीचा फिरता विक्रेता होता. मुलगा पुरता तीन वर्षांचाहि झाला नव्हता, तोंच १८९३ मध्यें शिकागो येथें बापास वेडाचा झटका आला. त्यास प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयांत ठेवण्यांत आलें, व तेथेंच १८९८ मध्यें त्याचा अंत झाला. मुलाचें संगोपन आई, दोन मावश्या व आजोबा यांनीं केलें.

आजोबा व्हिपल फिलिप्स हे सधन व्यापारी होते. त्यांच्या घरीं मोठा ग्रंथसंग्रह होता, व नातवास जवळ बसवून ओसाड वाड्यांच्या, भुयारांच्या आणि काळोख्या अरण्यांच्या मनानें रचलेल्या गोष्टी ते त्यास सांगत. पांचव्या वर्षाच्या सुमारास हॉवर्डनें ‘अरबी भाषेंतील सुरस गोष्टी’ इंग्रजींतून वाचल्या, आणि खेळांत त्यानें स्वतःस अब्दुल अल्हझ्रेद असें अरबी नांव घेतलें. हेंच नांव त्यानें पुढें आपल्या कथांतील ‘नेक्रोनॉमिकॉन’ या कल्पित ग्रंथाच्या कल्पित कर्त्यास दिलें. तो ग्रंथ खराच आहे अशा समजुतीनें किती तरी वाचकांनीं ग्रंथालयांतून त्याची चौकशी केली! १८९६ सालीं आजी वारली, घरांतील स्त्रिया काळीं वस्त्रें नेसूं लागल्या, आणि मुलास भयंकर स्वप्नें पडूं लागलीं. तोंडावळा नसलेले, पंखांचे काळे प्राणी आपणांस उचलून आकाशांत नेत आहेत, असें तो स्वप्नांत पाही. बहुतेक मुलें अशीं स्वप्नें मोठेपणीं विसरून जातात. हा मुलगा विसरला नाहीं.

याच सुमारास त्यास शास्त्रांची गोडी लागली. प्रथम रसायन व नंतर ज्योतिष! बारा-तेरा वर्षांचा असतां तो दुर्बिणींतून चंद्र व ग्रह पाही, आणि आपलीं निरीक्षणें एका लहानशा नियतकालिकांत स्वतःच्या हातानें लिहून, त्याच्या प्रती काढून घरच्या व शेजारच्या मंडळींस वांटी. १९०६ पासून स्थानिक वर्तमानपत्रांत त्याचे आकाशदर्शनावरील लेख येऊं लागले. आपण मोठेपणीं ब्राउन विश्वविद्यालयांत ज्योतिषाचे अध्यापक होऊं, अशी त्याची उमेद होती. ते विश्वविद्यालय त्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर होतें.

परंतु १९०४ मध्यें आजोबा वारले. त्यांच्या व्यापारास आधींच मोठी खोट आली होती; राहतें घर सोडावें लागलें व मायलेकरें लहानशा जागेंत गेलीं. त्या दिवसांत या मुलास जगणेंच नकोसें झालें होतें. पण अद्याप कितीतरी विद्या आपण शिकलों नाहीं, पृथ्वीचे व आकाशाचे कितीतरी भाग आपणांस अज्ञात आहेत, या एका विचारानें त्यास मागें ओढलें. जिज्ञासेनें एका मुलाचे प्राण वांचविले, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तथापि शाळेंत गणितानें त्यास हात दिला नाहीं, व १९०८ सालीं त्याचें मन व शरीर दोन्हीं खचून गेल्यामुळें दाखला न मिळवितांच शाळा सुटली. पुढें चार-पांच वर्षें तो घरांत तोंड लपवून राहिला. शिक्षण अपुरें राहिल्याची लाज त्यास जन्मभर वाटत असे. ज्या मनुष्याच्या कथांवर पुढें विश्वविद्यालयांतून प्रबंध लिहिले गेले, त्यास शाळेची अंतिम परीक्षाहि उत्तीर्ण होतां आलें नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

त्यास या एकांतवासांतून बाहेर काढलें तें एका भांडणानें. एका मासिकांत येणाऱ्या प्रेमकथांवर त्यानें संपादकांस खरमरीत पत्र लिहिलें; त्यावर दुसऱ्या वाचकांनीं उत्तरें दिलीं; पुढें हा वाद पद्यांतूनहि रंगला. तो वाचून हौशी मुद्रकांच्या एका संघानें १९१४ मध्यें त्यास आपल्यांत घेतलें. या संघाचे सभासद पदरमोड करून लहान लहान नियतकालिकें छापीत व टपालानें एकमेकांस पाठवीत. आमच्या या वार्षिकाप्रमाणेंच त्यांत द्रव्याची प्राप्ति नसे. लिहिण्याची हौस तेवढी असे. लव्हक्राफ्टनें १९१५ पासून स्वतःचें एक पत्र काढलें, व १९१७ मध्यें तो पुन्हां कथा लिहूं लागला. १९२३ सालीं ‘वीअर्ड टेल्स’ नांवाचें अद्भुत कथांचें मासिक निघालें, आणि त्याच्या कथांस एक हक्काचें दार मिळालें.

मध्यंतरीं घरावर दुसरा आघात झाला होता. त्याची आई मुलावर जीव टाकी, पण त्याचा चेहरा कुरूप आहे, अशी तिची विचित्र समजूत होती. १९१९ मध्यें तिचेंहि मन बिघडलें. ज्या रुग्णालयांत पति वारला, त्याच रुग्णालयांत ती गेली, व १९२१ मध्यें तेथेंच मरण पावली. त्याच वर्षीं लव्हक्राफ्टची सोनिया ग्रीन या स्त्रीशीं ओळख झाली. ती युक्रेनमध्यें जन्मलेली ज्यू होती, वयानें त्याहून सात वर्षांनीं वडील होती, आणि टोप्यांच्या धंद्यांत स्वकष्टानें वर आलेली होती. ता. ३ मार्च १९२४ रोजीं त्यांचें लग्न झालें व तीं न्यूयॉर्क शहरीं राहूं लागलीं. लग्नाच्या आदल्या दिवशींची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. प्रख्यात जादूगार हुडिनी याच्या नांवावर छापावयाची एक कथा लव्हक्राफ्टनें लिहून दिली होती. तिची टंकलिखित प्रत तो आगगाडीच्या स्टेशनांत विसरला. तेव्हां नवविवाहित जोडप्यानें लग्नानंतरच्या प्रवासांतला वेळ ती कथा पुन्हां टंकलिखित करण्यांत घालविला. बायको वाचून दाखवी आणि नवरा टंकलेखन करी.

परंतु संसार चालला नाहीं. सोनियाचें दुकान बुडालें, ती आजारी पडली, व १९२५ च्या आरंभीं नोकरीसाठीं तिला दूरच्या सिनसिनाटी शहरीं जावें लागलें. लव्हक्राफ्ट ब्रुकलीनमध्यें एका खोलींत एकटा राहिला. कोणी त्यास नोकरी देईना. एके दिवशीं चोरांनीं त्याचे जवळ जवळ सारे चांगले कपडे नेले. भोंवतीं नाना देशांतून आलेलीं, नाना भाषा बोलणारीं, त्याच्याइतकींच गरीब माणसें राहत होतीं. आणि येथें त्याचा तो दोष उफाळून वर आला, ज्यावर पांघरूण घालून हें चरित्र लिहितां येणार नाहीं.

लव्हक्राफ्टच्या मनांत वंशाभिमानाचें विष बाळपणापासून भिनलेलें होतें. आपले पूर्वज जुने इंग्रज, म्हणून आपण श्रेष्ठ. इतर सारे हीन! १९१२ सालीं त्यानें कृष्णवर्णीय लोकांविषयीं एक पद्य लिहिलें, तें इतकें हिडीस आहे कीं त्याचा आशयहि शाळेच्या वार्षिकांत देतां येत नाहीं. ज्यू, इटालियन, पोलिश, आशियाई, कोणीहि त्याच्या पत्रांतील निंदेंतून सुटलें नाहीं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांत परक्या लोकांची गर्दी पाहून तो संतापानें थरथरे. आणि आपण ज्यू आहों याची आठवण त्याला पत्नीनें करून द्यावी! १९२५ मध्यें त्यानें ‘दि हॉरर ॲट रेड हूक’ ही कथा लिहिली, तींत भयाचें मूळ म्हणून त्यानें आपले शेजारीच उभे केले. हिटलर सत्तेवर आला तेव्हां, १९३३ मध्यें, कांहीं पत्रांतून त्यानें त्याची बाजूहि घेतली. त्याचा कवि-मित्र सॅम्युएल लव्हमन हा ज्यू होता, व दोघांचा स्नेह मोठा होता. लव्हक्राफ्टच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं आपला मित्र आपल्या जातीविषयीं पाठीमागें काय लिहीत असे, हें लव्हमन यास समजलें. तेव्हां त्यानें जपून ठेवलेलीं त्याचीं पत्रें जाळून टाकलीं. त्या जळालेल्या पत्रांत साहित्याचें केवढें धन गेलें असेल! पण तीं जाळणाऱ्यास दोष कोण देईल?

तो काळच तसा होता, असें कांहीं लोक म्हणतात. हें अर्धेंच खरें आहे. अमेरिकेनें १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानासह आशियाच्या बऱ्याच मोठ्या भागांतील लोकांस आपलीं दारें बंद केलीं, आणि १९२४ च्या कायद्यानें पूर्व व दक्षिण युरोपांतून येणाऱ्यांचा ओघहि अगदीं आंखडला. अर्थात् तो दोष एकट्या लव्हक्राफ्टचा नव्हता. परंतु त्याच काळांत, त्याच हौशी मुद्रकांच्या संघांत, दुसरीहि माणसें होतीं. चार्ल्स आयझॅकसन याने आपल्या पत्रांतून वर्णद्वेषाचा उघड निषेध केला. जेम्स मॉर्टन यानें तर पूर्वींच वंशद्वेषाविरुद्ध पुस्तिका लिहिली होती, व १९१५ मध्यें त्यानें लव्हक्राफ्टच्या मतांचा छापून खरपूस समाचार घेतला. हाच मॉर्टन पुढें त्याचा जिवलग मित्र झाला! म्हणजे सत्य त्याच्या कानीं पडलें नाहीं असें नाहीं. तें त्यानें मनावर घेतलें नाहीं. काळाच्या माथीं सर्व दोष मारला, तर त्याच काळांत ज्यांनीं न्यायानें विचार केला, त्यांचें श्रेय आपण हिरावून घेतों.

एप्रिल १९२६ मध्यें तो प्रॉव्हिडन्स येथें परतला. सोनियाशीं संसार पुन्हां जुळला नाहीं. पण जन्मगांवीं पाय लागतांच त्याच्या लेखणीस बहर आला. पुढील एका वर्षांत त्यानें ‘दि कॉल ऑफ क्थूलू’ व ‘दि कलर आउट ऑफ स्पेस’ या कथा लिहिल्या. यांतील पहिली ‘वीअर्ड टेल्स’नें प्रथम परत पाठविली, व मागाहून घेऊन फेब्रुवारी १९२८ च्या अंकांत छापली. १९३१ मध्यें त्यानें दक्षिण ध्रुवाकडील बर्फाच्या प्रदेशावर ‘ॲट दि मौंटन्स ऑफ मॅडनेस’ ही दीर्घ कथा रचली. ती नाकारली गेली तेव्हां तो इतका खचला कीं कांहीं काळ त्याचें लिहिणेंच थांबलें. ती १९३६ मध्यें दुसऱ्या मासिकांत प्रसिद्ध झाली.

त्याच्या कथांत नवें असें काय होतें? त्याच्या पूर्वीच्या भयकथांत बहुधा भुतें असत, शाप असत, पापाचें प्रायश्चित्त असे. भूत कितीहि भयंकर असलें तरी त्यास मनुष्याशीं कर्तव्य असे. त्याचा सूड मनुष्यावर, त्याची वासना मनुष्याच्या घरांत. लव्हक्राफ्टनें भयाचें घरच बदललें. लहानपणीं दुर्बिणींतून पाहिलेलें अफाट आकाश त्यानें कथेंत आणलें. या विश्वांत मानवजात म्हणजे एक क्षणभराचा कण. आपल्या आधीं येथें दुसरे होऊन गेले, आपल्या मागून दुसरे येतील. आणि विश्वास आपल्या सुखदुःखाची दादहि नाहीं. हा विचार त्याच्या कथांतील खरा भयाचा विषय होय. एका शेतावर आकाशांतून दगड पडतो, त्याबरोबर कोणीहि पूर्वीं न पाहिलेला एक रंग येतो, आणि झाडें, गुरें व माणसें हळूहळू झिजून राख होतात. त्या रंगास राग नाहीं, लोभ नाहीं, हेतु असलाच तर तो आपणांस कळत नाहीं! १९३० सालीं प्लूटोचा शोध लागला, तेव्हां तो एक कथा लिहीत होता. ती ताजी वार्ता त्यानें लगेच तींत गुंफली. शास्त्र व कल्पना यांची अशी सांगड घालणारे लेखक त्या वेळीं थोडे होते.

या सर्वांतून त्यास पोटापुरतेंहि मिळालें नाहीं. दुसऱ्यांचें लिखाण सुधारून देण्याचा अल्प मोबदल्याचा धंदा तो करी, आणि जेवणाचा खर्च तोडून टपालाचीं तिकिटें घेई. त्यानें आयुष्यांत लिहिलेल्या पत्रांची संख्या कांहीं अभ्यासकांच्या अंदाजानें एक लाखाच्या घरांत जाते. नवशिक्या लेखकांस तो मोठ्या ममतेनें मार्ग दाखवी. त्यांच्या कथा दुरुस्त करी, पुस्तकें उसनीं पाठवी. रॉबर्ट ब्लॉक हा पुढें ‘सायको’ या कादंबरीनें गाजलेला लेखक, सोळा वर्षांच्या सुमारास त्याचा असा टपालांतला शिष्य झाला. रॉबर्ट बार्लो यानें १९३१ मध्यें त्यास पहिलें पत्र लिहिलें तेव्हां तो अवघा तेरा वर्षांचा होता; पण लव्हक्राफ्टनें त्यास बरोबरीच्या मनुष्यासारखीं उत्तरें दिलीं, आणि १९३४ मध्यें फ्लोरिडा येथें भेटीस गेला, तेव्हां आपला मित्र अजून पोर आहे हें त्यास उमगलें! ही त्याची उदारता खरी होती. मात्र ती ज्यांना मिळाली, तीं बहुतेक त्याच्याच वर्णाचीं मुलें होतीं, हेंहि खरें आहे.

उतारवय त्यास लाभलें नाहीं. १९२९ नंतरच्या आर्थिक मंदीनें त्याचीं राजकीय मतें बरींच पालटलीं. गरिबांच्या बाजूनें तो बोलूं लागला, रूझवेल्टच्या धोरणास त्यानें पाठिंबा दिला, आणि आपलीं पूर्वींचीं मतें पोरकट होतीं अशी पत्रांतून कबुली दिली. वंशाविषयींचीं मतें मात्र, विशेषतः कृष्णवर्णीयांविषयींचीं, शेवटपर्यंत फारशीं सुधारलीं नाहींत. आतड्यांच्या कर्करोगानें ता. १५ मार्च १९३७ रोजीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. हातांत लेखणी धरवे तोंवर त्यानें आपल्या दुखण्याची रोजनिशी ठेविली होती. त्याच्या हयातींत त्याचें एकच कथापुस्तक निघालें, १९३६ मध्यें, व तेंहि मुद्रणाच्या चुकांनीं भरलेलें. १९३९ मध्यें ऑगस्ट डर्लेथ व डोनाल्ड वॉन्ड्रेई या दोन मित्रांनीं केवळ त्याच्या कथा जगाव्या म्हणून एक प्रकाशनसंस्था काढली. त्याचीं हस्तलिखितें बार्लोनें ब्राउन विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयास दिलीं. ज्या विश्वविद्यालयांत तो विद्यार्थी म्हणून जाऊं शकला नाहीं, तेथें त्याचे कागद मानानें गेले.

पुढें १९७५ पासून अद्भुत साहित्याच्या एका जागतिक पारितोषिकासाठीं लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा देण्यांत येऊं लागला. १९११ च्या त्याच्या काळीं जें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें, तें शंभर वर्षांनीं घडलें : २०११ मध्यें तें पारितोषिक नायजेरियन आईबापांची कन्या नेडी ओकोराफोर हिला मिळालें. त्याचें तें १९१२ चें पद्य वाचून, अशा मनुष्याचें मस्तक आपल्या घरांत ठेवावें कीं काय, असा प्रश्न तिनें उघडपणें विचारला. पुष्कळ वाद झाला, व २०१५ मध्यें तो पुतळा देण्याची प्रथा बंद करण्यांत आली. त्यानंतर २०१६ मध्यें व्हिक्टर लाव्हाल या कृष्णवर्णीय लेखकानें त्या ‘रेड हूक’ कथेचीच नवी मांडणी केली, व ती एका कृष्णवर्णीय तरुणाच्या दृष्टीनें सांगितली. आपलें पुस्तक त्यानें लव्हक्राफ्टलाच अर्पण केलें, पण मनांतील ओढाताण न लपवितां. प्रेम करावें पण डोळे मिटूं नयेत, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. लव्हक्राफ्टचे गुण व दोष हीं दोन वेगळीं झाडें नव्हतीं. दोहोंचें मूळ एकच, आणि तें म्हणजे अपरिचिताचें भय. हें भय त्यानें जेव्हां अनंत आकाशाकडे वळविलें, तेव्हां त्यानें साहित्यास नवी दृष्टि दिली. तेंच त्यानें शेजारच्या गरीब माणसाकडे वळविलें, तेव्हां कथाहि बिघडली आणि माणूसहि. ‘रेड हूक’ ही त्याच्या दुबळ्या कथांपैकीं एक आहे, आणि खुद्द त्यासहि ती फारशी आवडत नसे. त्याच्या उत्तम कथा पाहाव्या, तर त्यांत त्याच्या मतांचाच पराभव झालेला दिसतो. एका कथेंतील नायक भयानक प्राणी समजून ज्याकडे हात पुढें करतो, तो आरसा निघतो. दक्षिण ध्रुवाच्या कथेंत विचित्र आकाराचे पुरातन जीव पाहून भ्यालेला शास्त्रज्ञ अखेरीस ओळखतो कीं हेहि आपल्यासारखेच जिज्ञासु होते, आपल्यासारखेच घरीं परतूं पाहत होते, आणि रूप कसेंहि असलें तरी ते आपले बांधव होते. जी दया त्यानें कल्पनेंतल्या जीवांस दाखविली, ती ब्रुकलीनमधील शेजाऱ्यास दाखविणें त्यास जमलें नाहीं. विश्वाच्या पसाऱ्यांत सारी मानवजात कणाएवढी आहे, असें जो जन्मभर सांगत आला, त्यास एवढें कळूं नये कीं त्या कणाच्या कणांत उच्च कोण आणि नीच कोण?

आम्ही त्याच्या कथा वाचतों, आणि त्या वाचतांना आमच्याहि मनांत एक शंका येते : आपल्यासारख्या वाचकांस त्यानें आपल्या पंक्तीस बसविलें असतें काय? बहुधा नसतें. तरीहि आम्ही त्या पंक्तीस बसलों आहोंत, कारण चांगलें पुस्तक छापून झालें म्हणजे तें कर्त्याच्या मालकीचें राहत नाहीं. तें वाचणाऱ्याचें होतें. पालकांनीं मुलांच्या हातीं त्याच्या कथा देतांना त्याचा दोषहि सांगावा; तो सांगितल्यानें कथेची गोडी कमी होत नाहीं, वाचणाऱ्याची समज वाढते. आणि विद्यार्थ्यांनीं दुसऱ्याच्या घरांतील हा दोष पाहून हंसण्यापूर्वीं आपल्या घराचा उंबरठाहि एकदां पाहावा. जन्मावरून माणसाची किंमत करण्याची खोड प्रॉव्हिडन्स शहरींच उपजली, असें आपणांपैकीं कोणास म्हणतां येईल?

प्रॉव्हिडन्सच्या स्मशानभूमींत त्याच्या थडग्यावर स्वतंत्र शिळाहि बरींच वर्षें नव्हती. १९७७ मध्यें त्याच्या चाहत्यांनीं वर्गणी करून ती बसविली. त्या वर्गणीदारांपैकीं कितीकांस त्यानें जिवंतपणीं परके म्हणून दूर लोटलें असतें, याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. तो न ठेवण्यांतच त्यांचा मोठेपणा आहे.